कोसाइन काढायचा तर आधी कोनावर बोट ठेवा

इंदूरच्या मराठी घरांत दहावीचं गणित दोन भाषांत चालतं. आजोबांच्या तोंडी काटकोन त्रिकोण, लगतची बाजू, समोरची बाजू. नातवाच्या वहीत समकोण त्रिभुज, आधार, लंब. कर्ण तेवढा दोघांचा एकच. शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘संलग्न भुजा’ असं चोख छापलेलं असतं, पण कोचिंगमध्ये आणि मुलामुलांत चालतो तो ‘पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले’ हा मंत्र. वरच्या ओळीत प, ब, प आणि खालच्या ओळीत ह, ह, ब. साइन म्हणजे प भागिले ह, कॉस, म्हणजेच कोसाइन, ब भागिले ह, टॅन म्हणजे प भागिले ब. यातला प म्हणजे परपेंडिक्युलर, अर्थात लंब. ब म्हणजे बेस, अर्थात आधार. ह म्हणजे हायपोटेन्यूज, आपला कर्ण.

मंत्र चांगला आहे, पाठ करायला हरकत नाही. घात होतो तो बेसपाशी. आधार म्हटलं की मुलांना कागदाच्या तळाशी आडवी पडलेली बाजू दिसते. पुस्तकातल्या पहिल्या चार-पाच आकृत्यांत त्रिकोण सरळ बसवलेला असतो आणि कोनही डाव्या कोपऱ्यातला विचारलेला असतो, म्हणून उत्तर बरोबर येतं आणि समज पक्का होतो. मग एखादी आकृती फिरवून येते, किंवा वरच्या कोपऱ्यातल्या कोनाचा कोसाइन विचारतात, आणि उत्तर चुकतं. चुकलेलं उत्तरही दिसायला अगदी साजरं असतं, ०.४७ किंवा ०.८८ असं काहीतरी, त्यामुळे मुलाला शंकाही येत नाही. या लेखात मी जे सांगणार आहे त्याचं सगळं वजन या एकाच गोष्टीवर आहे: लगतची बाजू कोण हे कोन ठरवतो, कागद ठरवत नाही.

बाजू ओळखणं

काटकोन त्रिकोण समोर आला की सर्वांत आधी काटकोन शोधा. आकृतीत त्या कोपऱ्यात छोटा चौकोन काढलेला असतो. आकृती नसेल तर ‘कोन ब = ९०°’ असं लिहिलेलं असतं. काटकोनाला न शिवणारी, त्याच्या बरोबर समोरची बाजू म्हणजे कर्ण. तीच सर्वांत लांब. कर्णाचं नाव त्रिकोण कसाही फिरवला तरी बदलत नाही आणि कोणताही कोन विचारला तरी बदलत नाही.

आता ज्या कोनाचा कोसाइन हवा आहे त्या कोपऱ्यावर खरोखरच बोट ठेवा. मोठ्या मुलांना याचा संकोच वाटतो, पण ठेवा. बोटाखालून दोन बाजू निघतात. त्यांतली एक कर्ण असणारच, कारण काटकोन सोडून उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांना कर्ण शिवतो. उरलेली दुसरी ती लगतची बाजू. जी बाजू बोटाला शिवतच नाही ती समोरची.

एवढं झालं की कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. समोरच्या बाजूचा या भागाकाराशी थेट संबंध नाही.

एक त्रिकोण घेऊ. कोन ब काटकोन, बाजू अब १५ सेंटिमीटर, बाजू बक ८ सेंटिमीटर, बाजू अक १७ सेंटिमीटर. काटकोन ब जवळ आहे, म्हणून त्याच्या समोरची अक ही कर्ण. बोट अ वर ठेवा. तिथून अब आणि अक निघतात. अक कर्ण, म्हणून अब लगतची.

कॉस अ = १५ ÷ १७ = ०.८८२

आता बोट उचलून क वर ठेवा. तिथून बक आणि अक निघतात, म्हणून आता बक लगतची.

कॉस क = ८ ÷ १७ = ०.४७१

त्रिकोण तोच, कर्णही तोच, पण जी बाजू मघाशी समोरची होती ती आता लगतची झाली. आता हाच त्रिकोण वहीत असा काढा की कर्ण तळाला आडवा असेल आणि काटकोन छपरासारखा वर असेल. बद्री प्रसादांच्या बेसवर विसंबलेलं मूल इथे तळाच्या १७ ला आधार म्हणतं आणि मग कर्ण शोधत बसतं. बोटाची पद्धत इथेही मुकाट चालते. वही पाव फेरा फिरवा, उलटी धरा, अ वर बोट ठेवलं की उत्तर १५/१७ च येतं. मुलाकडून एकच त्रिकोण चार दिशांना काढून घ्या आणि प्रत्येकात दोन्ही कोनांचे कोसाइन लिहायला सांगा. पन्नास गणितं सोडवण्यापेक्षा या आठ उत्तरांनी जास्त काम होतं असं माझं मत आहे.

उत्तर तपासायची सोय

कर्ण सर्वांत मोठा, म्हणून लघुकोनाचा कोसाइन नेहमी ० आणि १ यांच्या मधे येतो. १७/१५ असं काही आलं तर अंश आणि छेद उलटे पडलेत.

पण लगतची आणि समोरची यांची अदलाबदल झाली तर ही खूण कामाची नाही, कारण दोन्ही अपूर्णांक १ पेक्षा लहानच असतात. त्यासाठी कोनाकडे पाहा. कोन जितका अरुंद, तितकी लगतची बाजू कर्णाच्या जवळ जाते आणि कोसाइन १ कडे सरकतो. कोन जितका उघडतो, तितका कोसाइन ० कडे उतरतो. म्हणजे त्रिकोणातल्या दोन लघुकोनांपैकी जो लहान, त्याचा कोसाइन मोठा. वरच्या उदाहरणात अ हा ८ च्या समोरचा, म्हणून लहान कोन. त्याचा कोसाइन ०.८८२, मोठा. जुळलं.

आणखी एक पक्की तपासणी म्हणजे दोन्ही लघुकोनांच्या कोसाइनचे वर्ग मिळवणं. बेरीज बरोबर १ आली पाहिजे. २२५/२८९ अधिक ६४/२८९ म्हणजे २८९/२८९. हे पायथागोरसचंच प्रमेय आहे, फक्त सगळ्या पदांना कर्णाच्या वर्गानं भागलेलं.

एखादी बाजू दिलेली नसेल तर

परीक्षेत तिन्ही बाजू आयत्या क्वचितच मिळतात. दोन दिलेल्या असतात आणि तिसरी काढावी लागते. कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात हीच गोष्ट आयताच्या कर्णाच्या रूपात सांगितलेली आहे.

इथे तीन प्रसंग येतात. लगतची आणि कर्ण दोन्ही दिलेल्या असतील तर तिसरी बाजू काढूच नका, सरळ भागा. मुलं सवयीनं पायथागोरस लावतात आणि वेळ घालवतात.

कर्ण दिलेला नसेल तर वर्गांची बेरीज. काटकोन करणाऱ्या बाजू २० आणि २१ असल्या तर ४०० + ४४१ = ८४१, त्याचं वर्गमूळ २९. ज्या कोनाची लगतची बाजू २१ आहे त्याचा कोसाइन २१/२९.

लगतची दिलेली नसेल तर वजाबाकी. चूक होते ती इथेच. कर्ण २५ आणि समोरची २४ दिली आहे, आणि मुलानं ६२५ + ५७६ केलं की लगतची बाजू कर्णापेक्षा लांब येते. बरोबर रीत अशी: ६२५ − ५७६ = ४९, वर्गमूळ ७, म्हणून कोसाइन ७/२५ = ०.२८. बेरीज की वजाबाकी हे ठरवण्याआधी दिलेल्या दोन बाजूंत कर्ण आहे का, एवढंच विचारा. असेल तर वजाबाकी, नसेल तर बेरीज.

वर्गमूळ पूर्णांकात येईलच असं नाही. बाजू ३ आणि २ असल्या तर कर्ण √१३, आणि ३ लगतची असेल तर कोसाइन ३/√१३. दशांशात ०.८३२. छेदातलं वर्गमूळ काढून टाकायला सांगितलं तर वर-खाली √१३ नं गुणा, ३√१३/१३ येतं. पूर्णांकाची सवय लागलेल्या मुलांना असं उत्तर आलं की आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. तसं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

कधीकधी बाजू मुळीच देत नाहीत, दुसरं गुणोत्तर देतात: टॅन अ = ७/२४, तर कॉस अ काढा. टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची. समोरची ७ आणि लगतची २४ असा त्रिकोण काढा, कर्ण ४९ + ५७६ = ६२५ चं वर्गमूळ, म्हणजे २५. कॉस अ = २४/२५. खऱ्या त्रिकोणाच्या बाजू १४ आणि ४८ असल्या तरी फरक पडत नाही, कारण कर्णही दुप्पट होईल. आकृती काढल्याशिवाय हे गणित करू देऊ नका.

आणि सर्वांत आधीचा प्रश्न: त्रिकोण काटकोनी आहे ना? बाजू ६, ७ आणि ९ दिल्या असतील तर ३६ + ४९ = ८५, पण ९ चा वर्ग ८१. इथे काटकोन नाही, म्हणून कर्ण नाही, म्हणून लगतची भागिले कर्ण हे सूत्रही लागू नाही. त्यासाठी कोसाइनचा वेगळा नियम आहे आणि तो पुढच्या इयत्तांत येतो.

त्रिकोणाच्या पोटातला त्रिकोण

इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण लगतची बाजू ही काय चीज आहे ते या आकृतीत सर्वांत स्वच्छ दिसतं. त्रिकोण अबक, कोन ब काटकोन, अब = ८, बक = ६, अक = १०. आता ब पासून कर्ण अक वर लंब टाका. तो जिथे टेकतो त्या बिंदूला ड म्हणा. एका त्रिकोणाचे तीन झाले: मोठा अबक, आणि आत अडब व बडक. तिन्ही काटकोनी.

कोन अ वर बोट ठेवा. हा कोन मोठ्या त्रिकोणातही आहे आणि अडब या लहान त्रिकोणातही आहे. मोठ्या त्रिकोणात पाहिलं तर काटकोन ब ला, कर्ण अक, लगतची अब:

कॉस अ = अब ÷ अक = ८ ÷ १० = ०.८

लहान त्रिकोणात पाहिलं तर काटकोन ड ला आहे. त्याच्या समोर अब, म्हणून आता अब हाच कर्ण. लगतची बाजू अड:

कॉस अ = अड ÷ अब

कोन तोच, म्हणून कोसाइनही ०.८ च असला पाहिजे. त्यावरून अड = ०.८ × ८ = ६.४. मोजून पाहा, ६.४ च भरतं. जी अब बाजू वरच्या ओळीत अंशात होती ती खालच्या ओळीत छेदात गेली, कारण आपण त्रिकोण बदलला. म्हणून कोसाइन लिहिताना वहीत आधी ‘त्रिकोण अबक मध्ये’ किंवा ‘त्रिकोण अडब मध्ये’ असं लिहायची सवय लावा. हे शब्द शोभेचे नाहीत. ते लिहिल्याशिवाय कर्ण कोणता ते ठरतच नाही.

दोन्ही ओळी समोरासमोर ठेवल्या तर अब × अब = अड × अक असं मिळतं. ६४ = ६.४ × १०. भूमितीत जे प्रमेय स्वतंत्र पाठ केलं जातं ते इथे कोसाइन दोनदा लिहून आपसूक हाती येतं.

कागदावर मोजून पाहा

त्रिकोण लहान-मोठा केला तरी कोसाइन तोच राहतो, हे सांगून पटत नाही, करून पटतं. खजुरी बाजारातून आलेख कागदाची एक वही आणा. कंपास पेटी घरात असतेच.

एक आडवी रेघ मारा. तिच्या डाव्या टोकाशी कोनमापकानं ४०° चा कोन करा. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. रेघेवर जिथे शून्य आहे तीच ओळ वाचा, नाहीतर ४० ऐवजी १४० होईल. तिरक्या रेघेवर कोपऱ्यापासून बरोबर ५, ८ आणि १० सेंटिमीटरवर खुणा करा. प्रत्येक खुणेपासून गुण्या लावून आडव्या रेघेवर लंब टाका. तीन काटकोन त्रिकोण झाले, तिघांचा कोपरा एकच. कोपऱ्यापासून लंबाच्या पायापर्यंतचं अंतर मोजा. ५ च्या खुणेला सुमारे ३.८, ८ ला ६.१ आणि १० ला ७.७ सेंटिमीटर येईल. भागून पाहा: ०.७६, ०.७६, ०.७७. कॉस ४०° ची खरी किंमत ०.७६६ आहे.

१० सेंटिमीटरचा कर्ण घेतला की भागाकारही करावा लागत नाही. लगतची बाजू जितके सेंटिमीटर, त्याचा दशांश एक घर डावीकडे सरकवला की कोसाइन झाला. कर्ण १ धरला तर लगतच्या बाजूची लांबी म्हणजेच कोसाइन, ही पुढच्या इयत्तांत लागणारी कल्पना इथे पट्टीनं मोजता येते.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. कोन एका अंशानं चुकला तर कोसाइन किती चुकतो? ४०° ऐवजी ४१° झाले तर १० सेंटिमीटरच्या कर्णावर लगतची बाजू सुमारे १.१ मिलिमीटरनं कमी होते. १०° चे ११° झाले तर फरक जेमतेम ०.३ मिलिमीटर, पट्टीवर दिसतही नाही. ८०° चे ८१° झाले तर १.७ मिलिमीटर. कोसाइन सुरुवातीला सावकाश उतरतो आणि ९०° कडे जाताना भरभर. म्हणून कोसाइनवरून लहान कोन उलटा काढायचा असेल तर मोजणी फार काटेकोर लागते.

पाठ करायच्या किंमती

३०°, ४५° आणि ६०° यांचे कोसाइन पाठ हवेत, पण दोन आकृत्यांतून ते केव्हाही काढता येतात. बाजू २ असलेला समभुज त्रिकोण घ्या, मधोमध लंब टाका. अर्ध्या त्रिकोणात कर्ण २, तळाचा तुकडा १, लंब √३. ६०° च्या कोपऱ्यावर बोट ठेवलं तर लगतचा तुकडा १, म्हणून कॉस ६०° = १/२. वरच्या ३०° च्या कोपऱ्यावर बोट ठेवलं तर लगतची बाजू उभा लंब, म्हणून कॉस ३०° = √३/२ = ०.८६६. ४५° साठी बाजू १ आणि १ घ्या, कर्ण √२, कॉस ४५° = १/√२ = ०.७०७.

लक्षात ठेवायला ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° या क्रमानं √४, √३, √२, √१, √० लिहा आणि सगळ्यांना २ नं भागा: १, ०.८६६, ०.७०७, ०.५, ०. कोसाइन निम्मा होतो तो ६०° ला, ४५° ला नाही. पुष्कळ मुलं ४५° ला ०.५ लिहितात.

काटकोन त्रिकोणातल्या एका लघुकोनाचा कोसाइन म्हणजे दुसऱ्याचा साइन, कारण एकाची लगतची बाजू ती दुसऱ्याची समोरची. म्हणून जुन्या गणितींना कोसाइनचं वेगळं कोष्टक लागत नसे. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या साइनच्या कोष्टकात त्रिज्या, म्हणजे आपला कर्ण, ३४३८ धरून ३° ४५′ च्या (पावणेचार अंशांच्या) पायऱ्यांनी २४ किंमती मिळतात. त्यात ६०° समोर २९७८ येतात. २९७८ ÷ ३४३८ = ०.८६६२, आणि हाच ३०° चा कोसाइन. आजच्या किंमतीशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळतो. घरात दोन भाषा असतील तर एक सावधगिरी: बेरीज ९०° होणाऱ्या कोनांना आपण कोटिकोन म्हणतो, हिंदी पुस्तक त्यांना पूरक म्हणतं, आणि मराठीत पूरक म्हणजे बेरीज १८०° वाले. मुलाला शिकवताना आधी पुस्तकात पाहून घ्या.

कॅलक्युलेटर आणि कोष्टक

कोन ३७° असला आणि त्रिकोण समोर नसला तर किंमत कॅलक्युलेटरवर किंवा कोष्टकात पाहावी लागते. कॅलक्युलेटरवर काहीही काढण्याआधी कॉस ६०° करून पाहा. ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे. −०.९५२ आलं तर ते रेडियनमध्ये आहे, आणि ०.५८८ आलं तर ग्रेडियनमध्ये; ही कोन मोजायची दुसरी एककं. बदलून घ्या. मोबाइलवरच्या कॅलक्युलेटरला ही तपासणी दर वेळी करावी.

कोसाइन माहीत असून कोन हवा असेल तर उलटं बटण, कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं. ते १ ला कोसाइननं भागत नाही; ज्याचा कोसाइन एवढा आहे तो कोन सांगतं. ०.२८ टाकलं की ७३.७° येतं.

कोष्टक वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट महत्त्वाची आहे. उजवीकडच्या सरासरी फरकाच्या (मीन डिफरन्स) रकान्यातला आकडा साइनसाठी मिळवतात, कोसाइनसाठी वजा करतात, कारण कोन वाढला की कोसाइन घटतो. कॉस ३५° १८′ = ०.८१६१. त्यापुढच्या २′ साठी रकान्यात ३ आहेत, म्हणून कॉस ३५° २०′ = ०.८१६१ − ०.०००३ = ०.८१५८.

गच्चीवर आणि घराबाहेर

कोन आणि कर्ण माहीत असले की लगतची बाजू म्हणजे कर्ण गुणिले कोसाइन. व्यवहारात कोसाइन सर्वांत जास्त लागतो तो असा.

इंदूरच्या गच्च्यांवर आता सौर पॅनेल दिसतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, बहुधा गावाच्या अक्षांशाच्या जवळपासच्या कोनात तिरपं बसवतात. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७° उत्तर. २ मीटर लांबीचं पॅनेल २३° नं तिरपं केलं तर गच्चीवर ते किती लांबी अडवील? २ × ०.९२०५ = १.८४ मीटर. शिडीचं गणित उलटं जातं: ४ मीटरची शिडी, पाय भिंतीपासून १ मीटरवर, म्हणून जमिनीशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन ०.२५ आणि कोन सुमारे ७५.५°. टेकवलेल्या शिडीसाठी हा चांगला कोन मानतात.

उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंहांनी बांधलेलं सम्राट यंत्र म्हणजे दगड-विटांत उभा केलेला काटकोन त्रिकोण. पायऱ्यांची तिरपी कड हा कर्ण, आणि जमिनीशी त्याचा कोन उज्जैनच्या अक्षांशाएवढा, सुमारे २३.२°. सहलीला गेलात तर मुलांना दक्षिणेच्या टोकाशी उभं करून लगतची बाजू कोणती ते विचारा. मग वरच्या टोकाकडच्या कोनाबद्दल विचारा. तिथे लगतची बाजू उभी असते.

तसाच एक त्रिकोण स्वतःच्या गच्चीवरही मिळतो आणि त्यातून इंदूरचा अक्षांश निघतो. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या जवळचा दिवस घ्या. १ मीटरची सरळ काठी ओळंबा लावून सपाट जागी उभी करा. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून इथे सूर्य माथ्याच्या रेषेवर बारा वाजता येत नाही. सप्टेंबरात १२ वाजून २० मिनिटांच्या आणि मार्चात १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. ती सुमारे ४२ सेंटिमीटर भरेल.

आता त्रिकोण पाहा. काठी १०० सेंटिमीटर, सावली ४२, काटकोन काठीच्या पायाशी. कर्ण म्हणजे काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत, १०००० + १७६४ = ११७६४ चं वर्गमूळ, १०८.५ सेंटिमीटर. आपल्याला हवा तो कोन काठीच्या वरच्या टोकाशी आहे, कारण त्या दिवशी माथ्यापासून सूर्य जितका ढळलेला असतो तितकाच आपला अक्षांश. बोट काठीच्या टोकावर ठेवा. लगतची बाजू काठी, जमिनीवर पडलेली सावली नव्हे.

कोसाइन = १०० ÷ १०८.५ = ०.९२२

उलटं बटण दाबलं की २२.८° येतात. सावली मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर कोन सुमारे अर्ध्या अंशानं बदलतो, म्हणून सावलीचं धूसर टोक नीट पाहून घ्या. तारीख दोन दिवस पुढेमागे झाली तरी पाऊण-एक अंशाचा फरक पडतो.

सरावाला

पहिलं: काटकोन ल, लम = ९, लन = ४०. म आणि न यांचे कोसाइन काढा. दुसरं: कर्ण ६.५, कोनासमोरची बाजू २.५, कोसाइन किती? तिसरं: टॅन प = ८/१५, कॉस प किती? चौथं: त्रिकोण अबक, काटकोन ब, ब पासून कर्णावरचा लंब ड ला टेकतो, अड = ९, डक = १६; कॉस अ आणि कॉस क काढा. पाचवं: संक्रांतीला पतंगाचा ६० मीटर मांजा ताठ सुटला आहे, जमिनीशी कोन ५०°, पतंगाच्या बरोबर खालची जागा उडवणाऱ्यापासून किती लांब?

उत्तरं: पहिल्यात कर्ण ४१, कॉस म = ९/४१ आणि कॉस न = ४०/४१. दुसऱ्यात लगतची ६, कोसाइन १२/१३. तिसऱ्यात १५/१७. चौथ्यात कर्ण २५, अबचा वर्ग ९ × २५ = २२५, अब = १५, म्हणून कॉस अ = ०.६ आणि कॉस क = ०.८, वर्ग मिळवून १ येतो का ते पाहा. पाचव्यात ६० × ०.६४२८ = ३८.६ मीटर, मांज्याला झोळ नाही असं धरून.